छापचित्रांचं प्रदर्शन लावायचंय? आधी मोजपट्टी घ्या

छापचित्र जवळून बघायचं असतं. मोठ्या तैलचित्रासमोर माणूस चार पावलं मागे सरतो. लाकडी ठशावरून छापलेल्या चित्रासमोर तोच माणूस पुढे झुकतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि नाक काचेला टेकेल इतका जवळ जातो. दालनात असे झुकलेले लोक दिसले की समजायचं, जमलं. फ्रेम कुठली, काच कसली, खिळा किती उंचीवर, एका भिंतीवर किती चित्रं, हे सगळं मी या एकाच गोष्टीवरून ठरवते. मुद्राचित्रण शिकून बाहेर पडलेली मुलं पहिल्या एकल प्रदर्शनाच्या वेळी तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी मुख्यतः लाकूड आणि लिनो (लिनोलियमची मऊ लादी) कोरते, अधूनमधून जस्ताच्या पत्र्यावर एचिंग, म्हणजे आम्लानं चर पाडून केलेलं काम. विषय म्हणाल तर विहिरी आणि बारवा. हे वेड लावलं साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटेच्या विहिरीनं. वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधून घेतलेली ही अष्टकोनी विहीर. एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी तिची रचना. पायऱ्या उतरत गेलं की ऊन वरच थांबतं आणि कमानीखाली काळोख साठलेला असतो. काळ्या-पांढऱ्यात कोरणाऱ्याला आणखी काय हवं! पुढची उदाहरणं याच मालिकेतली आहेत.

दालन आणि महिना

मुंबईत सगळ्यांच्या मनात काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी असते. 1952 पासूनचं ते दालन, रस्त्यावरून सहज आत शिरणारे लोक, मोठं नाव. पण तिथली रांग काही वर्षांची असते. अर्ज करून ठेवा, आणि तोवर हात बांधून बसू नका. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरातलं कलादालन आहे, बहुतेक मोठ्या शहरांत महापालिकेचं असं एखादं दालन असतं. तिथे भाडं भरायचं, विक्रीतला वाटा द्यावा लागत नाही, पण खिळ्यापासून पणतीपर्यंत सगळं तुमच्या अंगावर. खासगी गॅलरी भाडं घेत नाही, पण विक्रीतला साधारण 30 ते 50 टक्के हिस्सा घेते. या बदल्यात ती गिऱ्हाईक आणते का, की नुसत्या भिंती देते, हे तिथे आधी प्रदर्शन केलेल्या दोघांना विचारून घ्या.

जागा बघायला जाताना मोजपट्टी आणि वही न्या. चित्रं खिळ्यावर लागतात की वरच्या पट्टीवरून तारेनं लोंबतात? खिळे ठोकू देतात का? दिवे हलवता येतात का? भिंतीला तळहात लावून बघा. ओल असलेल्या भिंतीवर कागदाचं काम लावायचं नाही, भाडं कितीही कमी असो.

महिन्याबद्दल माझं मत पक्कं आहे: जून ते सप्टेंबर नकोच. पावसाळी हवेत कागद पाणी पितो, फुगतो, आणि फ्रेमच्या आत लाटा मारायला लागतो. तेलातली शाई वाळायला वेळ लावते, तो आणखी वेगळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मुंबईत फेब्रुवारीत काळा घोड्याचा महोत्सव असतो तेव्हा गर्दी प्रचंड, पण ती पुढे सरकणारी गर्दी. थांबून बघणाऱ्यांची संख्या त्या मानानं कमीच.

किती चित्रं?

भिंतीची लांबी फुटांत मोजा. 22 बाय 30 इंचाच्या उभ्या कागदाला माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि फ्रेम धरून साधारण अडीच फूट रुंदी लागते. दोन चित्रांत एक फूट मोकळं सोडलं तर दर चित्राला साडेतीन फूट. म्हणजे 40 फुटांच्या भिंतीवर अकरा, त्याहून एकही जास्त नाही. घरी आहेत म्हणून सगळी लावायची हौस आवरा. दोन चित्रं खेटून लावली की जवळ जाऊन बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या कडेला शेजारचं चित्र टोचत राहतं.

लहान चित्रांचं गणित वेगळं. ती एकेकटी भिंतीवर हरवतात, तेव्हा त्यांचा चौकोनी जाळीसारखा संच करा. छापचित्रकार झरीना हाश्मी यांची 1999 मधली 36 लाकूडठशांची घराच्या आठवणींवरची मालिका आठवा. एकेक छाप सुटा बघितला तरी उभा राहतो, पण शेजारी शेजारी लागल्यावर त्यांचं एक घर तयार होतं. संचात दोन फ्रेममधलं अंतर सगळीकडे सारखं हवं. दोन इंच असेल तर दोनच. तिथे अंदाज चालत नाही, पुठ्ठ्याचा तुकडा कापून तोच मधे धरायचा.

आवृत्तीची वही

आवृत्ती म्हणजे एका ठशाच्या ठरवून काढलेल्या एकूण प्रती. तो आकडा छपाईच्या आधी ठरवा. मी एका ठशाच्या पंधरा प्रती काढते, त्याशिवाय चित्रकाराच्या स्वतःच्या एक-दोन. या जादा प्रतींचं प्रमाण आवृत्तीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ठेवायची रीत आहे, आणि त्यांच्यावर आकड्याऐवजी ए/पी (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहितात. बाकीच्यांवर चित्राच्या खाली डावीकडे 7/15 (पंधरापैकी सातवी) असा क्रमांक, मधे शीर्षक, उजवीकडे सही. सगळं पेन्सिलीनं. नवीन मुलं इथे हमखास झकपक पेन काढतात. पेनाची शाई उजेडानं उडू शकते. पेन्सिलीचं ग्रॅफाइट उडत नाही, शिवाय ती कागदात किंचित रुतते, त्यामुळे कोणी खोडली तर जागा दिसते.

एक वही घाला. ठसा कशाचा, कागद कुठला, शाई कुठली, कधी छापलं, आणि कोणता क्रमांक कोणाकडे गेला. पाच वर्षांनी कोणी फोन करून विचारलं की अमुक विहिरीची प्रत शिल्लक आहे का, तर उत्तर वहीतून यायला हवं, आठवणीतून नाही. गिऱ्हाईक पंधरापैकी एक म्हणून पैसे मोजतं. सोळावी प्रत निघाली तर ते पैसे खोटे ठरतात.

म्हणूनच आवृत्ती संपली की ठशावर आडवी रेघ कोरून तो बाद करायचा आणि बाद ठशाची एक प्रत काढून ठेवायची. काहींच्या जिवावर येतं. ज्यांच्या येतं त्यांनी एकाच ठशातून टप्प्याटप्प्यानं कोरत, दर टप्प्याला एक रंग छापत जाणारी लिनोची पद्धत करून बघावी. पिकासोनं फ्रान्समधल्या व्हालोरीसला ती भरपूर हाताळली. तिथे शेवटच्या रंगापर्यंत ठसा स्वतःच जवळजवळ संपलेला असतो, मागे फिरायची सोयच नाही.

कागद

एचिंगला जाड सुती कागद लागतो, 250 ते 300 जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा). तो भिजवून, टिपून, मग प्रेसखाली घालायचा, म्हणजे पत्र्याच्या चरांत शिरून तो शाई उचलतो. लाकूड आणि लिनो हातानं घासून छापायचं असेल तर याच्या उलट: पातळ, लांब धाग्यांचा कागद, कोरडा. पुण्यात शिवाजीनगरला 1940 पासून हातकागद संस्था आहे. तिथे जाऊन ताव हातात घेऊन, उजेडावर धरून बघा. हातकागदाची जाडी प्रत्येक तावात सारखी नसते. घट्ट-विरळ ठिपके जिथे जास्त, तिथे मोठा सपाट काळा भाग चट्टेरी येतो. बारीक रेघांच्या कामाला तोच कागद शोभून दिसतो.

इथे जरा रेंगाळते, कारण लोक माझ्या चित्रांसमोर झुकतात ते याच भागासाठी. विहिरीतलं पाणी मी कोरत नाही. वखारीत जाऊन ठळक रेषांचं प्लायवूड निवडते. एकेक पान बाहेर काढायला लावते, वखारवाला वैतागतो, पण आता ओळखतो. पाण्याची जागा तारेच्या ब्रशनं रेषांच्या दिशेनं घासत राहायचं. लाकडाचा मऊ भाग खरवडून निघतो, कडक रेषा वर राहतात. त्यावर शाईचा अगदी पातळ थर. रोलर काचेवर फिरवताना कान द्या. शाई जास्त असेल तर पचपच आवाज येतो, बेताची झाली की रेशीम फाटल्यासारखी बारीक चर्र येते. मग ठशावर कागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं लहान लहान गोल घासत जायचं. पातळ कागदाच्या मागून शाई कुठे धरली, कुठे राहिली, हे दिसतं. कोपरा दाबून धरून कागदाचा एक भाग उचलून बघा, फिकं वाटलं तर परत टेकवा आणि घासा. लाकडाच्या वर्तुळाकार रेषा पाण्यावरच्या तरंगांसारख्या उमटतात. चार पावलांवरून तो भाग नुसता करडा दिसतो, हातभर अंतरावर आलात की पाणी हलतं.

छापलेले ताव एकावर एक ठेवू नका. दोरीवर चिमट्यांनी टांगा किंवा जाळीवर पसरा. कोरड्या हवेतही तेलाच्या शाईला आठवडाभर तरी द्या, जाड काळ्याला जास्त. बोटाला शाई लागत नाही म्हणजे वाळली असं नसतं.

फ्रेमवाल्याशी बोलणी

प्रदर्शनाचा सर्वांत मोठा खर्च हाच, आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच होतं. फ्रेमवाले देवाधर्माच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो करण्यात तरबेज असतात, पण छापचित्राच्या मागे चिकटपट्टी लावायची, ते पुठ्ठ्यावर गोंदानं सपाट चिकटवायचं, कडेचा पांढरा कागद कापून टाकायचा, या त्यांच्या रोजच्या सवयी. त्यात कामगाराचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून पहिली फ्रेम समोर उभं राहून करून घ्या.

सांगायचं ते असं. माउंट बोर्ड आणि मागचा बोर्ड दोन्ही ॲसिड-फ्री. साधा पुठ्ठा काही वर्षांत कागदावर पिवळी-तपकिरी चौकट उमटवतो. कागद चिकटवायचा नाही, टांगायचा: वरच्या बाजूला फक्त दोन ठिकाणी जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या, त्या गव्हाच्या स्टार्चच्या पातळ खळीनं लावायच्या. ही खळ पाण्यानं सुटते, त्यामुळे उद्या फ्रेम बदलायची झाली तर चित्राला धक्का लागत नाही. खालच्या बाजूला काही लावू नका. कागद दमट हवेत वाढतो, कोरड्यात आकसतो, त्याला खाली मोकळं सोडलं नाही तर तो मधे फुगणारच. खळ जाड थापली तर कसर लागते, म्हणून अगदी पातळ.

काच कागदाला टेकता कामा नये. खिडकी कापलेल्या माउंटमुळे आपोआप अंतर पडतं. हातकागदाच्या चारही नैसर्गिक कडा दाखवायच्या असतील तर खिडकी नको, कागद बोर्डावर तरंगता ठेवा आणि फ्रेमच्या आत कडेनं पट्टी घालून काच वर उचलून घ्या. मला हीच पद्धत आवडते. खिडकीचा माउंट वापरलात तर सही आणि क्रमांक झाकले जाऊ देऊ नका, आणि खालची पट्टी वरच्यापेक्षा थोडी रुंद ठेवा, नाहीतर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं.

काच साधी, की चकाकी कमी करणारी? जवळून बघायचं म्हटलं की चकाकी छळते. बघणाऱ्याला विहिरीऐवजी स्वतःचं तोंड दिसतं. पण जुन्या पद्धतीची खरखरीत मॅट काच बारीक रेघा धूसर करते, ती नकोच. चांगली चकाकीरोधक काच महाग असते, सगळ्यांना परवडत नाही. मग साधी काच घ्या आणि तो प्रश्न दिव्यांनी सोडवा. मुंबई-पुणे टेम्पोनं नेणार असाल तर मोठ्या फ्रेमना ॲक्रिलिक बरं, फुटत नाही आणि हलकं असतं. पुसायला मात्र मऊ कापड, नाहीतर ओरखडे.

खिळा कुठे ठोकायचा

चित्राचा मध्य जमिनीपासून 57 इंचांवर. सगळ्या चित्रांचा. वरच्या कडा एका ओळीत आणायचा मोह होतो, पण लहान-मोठी चित्रं असतील तर मध्यच जुळवा. खिळ्याची उंची काढायचं गणित: 57 अधिक फ्रेमची निम्मी उंची, उणे ताणलेल्या तारेचं वरच्या कडेपासूनचं अंतर. फ्रेम 36 इंच उंच असेल आणि तार ओढल्यावर कडेपासून 4 इंच खाली येत असेल, तर 57 अधिक 18 उणे 4, म्हणजे खिळा 71 इंचांवर. प्रत्येक फ्रेमच्या मागे हा आकडा आधीच लिहून ठेवा. लावायच्या दिवशी तीन मदतनीस तीन मतं देत असतात, तेव्हा हा आकडाच वाद मिटवतो.

खिळ्याआधी सगळी चित्रं भिंतीखाली जमिनीवर मांडून बघा. सर्वांत काळं चित्र दारासमोर नको, तिथे उघड्या दाराचा सगळा उजेड काचेवर येतो.

कागदावरच्या कामाला संग्रहालयं साधारण 50 लक्सपर्यंतच उजेड ठेवतात. भाड्याच्या दालनात याच्या कितीतरी पट झगमगाट असतो. आठवडाभरानं फारसं बिघडत नाही, तरी थेट डोक्यावरचा झोत थोडा तिरका करून घ्या. तुम्ही चित्रासमोर झुकल्यावर तुमचीच सावली चित्रावर पडत असेल तर दिवा चुकीचा आहे.

ठसे टेबलावर

हे कराच. भिंतीवरच्या एका चित्राचा बाद केलेला ठसा स्वच्छ पुसून टेबलावर ठेवा आणि शेजारी पाटी लावा: "हात लावून बघा." दालनात सगळीकडे हात लावू नका असं लिहिलेलं असताना लोकांना ही पाटी खरी वाटत नाही, आधी इकडेतिकडे बघतात. माझ्या एका ठशावर विहिरीच्या शिलालेखातली अक्षरं आहेत, अर्थात उलटी. लोक बोटानं ती चाचपतात, वाचायचा प्रयत्न करतात, मग वळून भिंतीवर सुलटी शोधतात. इतकं झालं की छापचित्र म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

तरी एक प्रश्न येणारच: "म्हणजे ही झेरॉक्सच ना?" वैतागू नका. आपल्याकडे छापील चित्राची ओळखच तशी झाली आहे. पुण्यात 1878 मध्ये चित्रशाळा हा चित्रं छापणारा छापखाना सुरू झाला, राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये गिरगावात निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यात पोचल्या. छपाई दगडावरून, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, कौशल्य अफाट. पण रविवर्म्यांच्या त्या छापांमागे मूळ तैलचित्र होतं आणि छाप ही त्याची नक्कल होती. माझ्या विहिरीचं मूळ चित्र कुठेच टांगलेलं नाही. या पंधरा प्रती मिळूनच ते चित्र आहे. एवढं सांगितलं की बहुतेकांना पटतं. ज्यांना पटत नाही त्यांच्या हातात चमचा द्या.

चमचा म्हणजे खरोखरचा. शनिवार-रविवारी संध्याकाळी तासभर प्रात्यक्षिक ठेवा: पोस्टकार्डाएवढा लिनोचा ठसा, काचेचा तुकडा, रोलर, पातळ कागदाचे कापलेले तुकडे, आणि पाण्यानं धुतली जाणारी शाई. तेलाची आणू नका, मुलांचे कपडे खराब झाले की आयांचे चेहरे बघवत नाहीत. ज्यानं घासलं त्यानं ती प्रत घरी न्यावी. त्या प्रतींवर सही-क्रमांक घालू नका, त्या आवृत्तीत येत नाहीत.

चित्राखालच्या पट्टीवर शीर्षक, माध्यम, आकार, साल, आवृत्ती आणि किंमत. माध्यम मराठीत आणि कळेल असं लिहा: "प्लायवूडच्या ठशावरून हातकागदावर, हातानं घासून." नुसतं "मिक्स मीडिया" लिहून कोणाचंच भलं होत नाही.

किंमत

कागद, शाई, ठसा, तुमचा वेळ यांची बेरीज प्रतींच्या संख्येनं भागा, त्यात गॅलरीचा हिस्सा धरा. फ्रेमची किंमत वेगळी दाखवा, कारण अनेकांना बिनफ्रेमचं परवडतं आणि गावी न्यायला सोपं पडतं. दालनात एक किंमत आणि घरी येणाऱ्याला दुसरी, असं करू नका. बातमी पसरते, आणि ज्यानं पूर्ण पैसे दिले तो पुन्हा येत नाही.

छापचित्र फार महाग करू नये असं मला वाटतं. अंधेरीत राहून चित्रकार चित्तप्रसादांनी राबणाऱ्या मुलांची लिनोचित्रं कोरली. लिनोसारखं स्वस्त माध्यम, एकाच्या अनेक प्रती. एखाद्या शिक्षकाला पगारातून विकत घेता यावं, ही या कलेची जुनी खोड आहे आणि ती राहू द्यावी. उलट बाजूनं, ओळखीचे म्हणतात म्हणून निम्म्यात देऊ नका. त्यांना प्रात्यक्षिकातली प्रत द्या, चहा पाजा.

विकलेल्या चित्राबरोबर पावती आणि एक छोटा कागद द्या: शीर्षक, क्रमांक, आवृत्ती, कागद, साल, तुमची सही. त्याच कागदावर लिहा की चित्र खिडकीसमोर किंवा न्हाणीघराच्या भिंतीवर लावू नये, आणि पावसाळ्यानंतर एकदा उतरवून मागची बाजू बघावी. बुरशीचे तपकिरी ठिपके लवकर दिसले तर उपाय होतो. न विकलेले ताव फ्रेममधून काढून, मधे ॲसिड-फ्री टिश्यू घालून, सपाट ठेवा. गुंडाळी करायची नाही.

उतरवायच्या दिवशी टेम्पो चारला नको, सहाला बोलवा. आठवडाभर "विचार करून सांगतो" म्हणणारे शेवटच्या तासातच येतात, आणि तेव्हा चित्र भिंतीवर असलेलं बरं.